शब्द हवा: रोख प्रवाह पत्रकातली ‘प्रत्यक्ष’ पद्धत

मी अकाउंट्स शिकवते, मराठी माध्यमाला. कॅश फ्लोच्या, म्हणजे वर्षभरात पैसे किती आले-गेले ते दाखवणाऱ्या पत्रकाच्या, दोन पद्धती, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष, आणि दरवर्षी वर्गात हाच घोळ होतो की मुलांना वाटतं प्रत्यक्ष म्हणजे खरोखर हातात आलेले पैसे आणि अप्रत्यक्ष म्हणजे अंदाजाने काढलेले. आपण ‘प्रत्यक्षात काय झालं’ असं बोलतोच ना, मग त्यांना चूक तरी कसं म्हणू. दुसरा शब्द सुचवा प्लीज.

—

‘वास्तविक पद्धत’ कसं वाटतं?

—

वास्तविक नको हो, त्याने तर दुसरी खोटी आहे असंच ठरेल. दोन्हींचं उत्तर एकच येतं, पैशापैशाला जुळतं, फक्त वाट वेगळी. अप्रत्यक्षमध्ये नफ्यापासून सुरुवात करून घसारा (वस्तू वापरून झिजतात त्याचा हिशेबात धरलेला खर्च) मिळवत, उधारीतला फरक वजा करत मागे मागे जायचं. प्रत्यक्षमध्ये सरळ विचारायचं, गिऱ्हाइकाकडून किती आले, माल देणाऱ्याला किती दिले, पगाराला किती गेले. म्हणून मी ‘थेट पद्धत’ म्हणतो.

मी दुकानाचं उदाहरण देतो. विक्री १२,००,०००. येणं वर्षाच्या सुरुवातीला १,८०,००० होतं, शेवटी २,४०,००० झालं, म्हणजे ६०,००० अजून गिऱ्हाइकाकडेच अडकले, आले ११,४०,०००. विकलेल्या मालाची किंमत ७,५०,०००, पण साठा ९०,००० चा १,२०,००० झाला म्हणून खरेदी ७,८०,०००, आणि देणं १,००,००० वरून १,३०,००० वर गेलं म्हणून दिले ७,५०,०००. पगार-भाडं खर्च २,१०,०००, त्यातलं थकलेलं १०,००० चं १५,००० झालं, दिले २,०५,०००. टॅक्स भरला ४०,०००. उरले १,४५,०००.

आता नफ्याकडून या. घसारा ६०,००० धरून करापूर्वीचा नफा १,८०,०००. त्यात घसारा मिळवा, येण्यातली वाढ ६०,००० आणि साठ्यातली ३०,००० वजा, देण्यातली ३०,००० आणि थकलेल्यातली ५,००० मिळवा, टॅक्स वजा करा, परत १,४५,००० च. थेटमध्ये घसारा येतच नाही कारण घसाऱ्याचे पैसे कुणाला द्यायचे नसतात, हे मुलांना एकदा दिसलं की पुढे अडत नाहीत.

—

थेट छानच. पण मग मुलांना कंपनीच्या वार्षिक अहवालात थेट पद्धत का सापडत नाही तेही सांगा. एएस ३ हे आपल्याकडचं हिशेबाचं मानक दोन्ही चालवतं, आयएएस ७ हे आंतरराष्ट्रीय मानक तर थेटलाच प्रोत्साहन देतं, पण शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या २०१५ च्या नियमांनुसार लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांनी अप्रत्यक्षच द्यायची. विमा कंपन्यांचं उलट, त्यांना थेट.

—

मला तर आधी ‘रोख’ याच शब्दाचं कुतूहल आहे. रोख म्हणजे कॅश, ‘बोलण्याचा रोख’ म्हणजे दिशा, आणि ‘रोखणे’ म्हणजे अडवणे. ‘रोख प्रवाह’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते प्रवाह अडवायची आज्ञाच वाटली होती. ‘रोकड प्रवाह’ म्हटलं तर? रोकडला दुसरा अर्थ चिकटलेला नाही आणि दुकानात सगळेच बोलतात.

—

रोकडने मात्र फक्त गल्ल्यातल्या नोटा डोळ्यासमोर येतात. इथे बँकेतली शिल्लक धरतात, शिवाय तीन महिन्यांच्या आत पैसे होणारी, किंमत फारशी न हलणारी गुंतवणूकही. त्यामुळे मला रोखच बरं वाटतं.

—

खूप आभार सगळ्यांचे. उद्या फळ्यावर ‘थेट’ लिहिते आणि खाली ‘प्रत्यक्ष’ही, कारण पेपरात तोच येणार. अजून एक, ‘खर्च’ आणि ‘दिलेले पैसे’ यात मुलं गोंधळतात, वर पगाराचे २,१०,००० आणि २,०५,००० आहेत ना तेच. पुस्तकी ‘शोधन’ त्यांना काही केल्या लक्षात राहत नाही.

—

‘चुकते केले’ म्हणा की. पगार चुकता केला, बिल चुकतं केलं, घरोघरी बोलतात. खर्च २,१०,०००, चुकते २,०५,०००.