एका रात्रीसाठी नांगर टाकला आणि राहिलोच : तुमचेही अनुभव लिहा

दादर :
नवऱ्याला पंचावन्नाव्या वर्षी शिडाच्या बोटीचं वेड लागलं. गेटवेसमोर शिकला, पाठोपाठ मीही. गेल्या जानेवारीत मित्राची तीस फुटी बोट घेऊन दोघंच दक्षिणेला निघालो. पहाटेचा मतलई वारा, दुपारनंतर वायव्येचा, मध्ये दोन तास नुसतं डुलत बसायचं. चाळीसेक सागरी मैल जाऊन संध्याकाळी राजपुरीच्या खाडीत शिरलो. सकाळी लगेच पुढे जायचं ठरलं होतं.

नांगर टाकतोय तोच जेट्टीवरून हाक आली, "ओ ताई, तिथं नको, ओहोटीला बूड टेकेल!" एक होडीवाला मामा स्वतः येऊन आम्हाला खोल पाण्यात घेऊन गेला. पैसे विचारले तर म्हणाला, "उद्या चहा पाजा." त्या चहात पाच दिवस गेले. जंजिऱ्याला प्रवासी नेणाऱ्या होड्या तिथे अजून शिडावर चालतात. सकाळी दोघं-तिघं खलाशी दोर ओढून शीड चढवतात, तेवढ्यात पर्यटक चपला हातात घेऊन चढतात. तेच बघत मी कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीतल्या उघड्या बैठकीत, भाजी निवडायची. मामीने दिलेल्या सुक्या बोंबलांचा वास केबिनमधून अजून गेलेला नाही.

मुक्काम कशामुळे लांबला ते लिहा. बोटीची किंमत आणि इंजिनाची अश्वशक्ती नको, त्यासाठी घरात नवरा आहे.

कुलाबा :
माझं किराणा दुकान आहे. काही वर्षांपूर्वी न्यूझीलंडचं साठीतलं एक जोडपं यायचं, बोट गेटवेसमोर. कागदपत्रांच्या खेपांत तीन दिवस गेले, तरी बाईंच्या चेहऱ्यावर आठी नाही. त्यांना अंडी हवी होती, पण न धुतलेली आणि फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली. मला वाटलं, चेष्टा आहे. पण अशी अंडी रोज उलटीसुलटी केली की फ्रिजशिवाय काही आठवडे टिकतात म्हणे. सामान मी खोक्यात भरून दिलं, तर बाईंनी सगळं पिशव्यांत ओतून खोका परत केला. राग आलाच. मग कळलं की पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि बोटीत एकदा झुरळ शिरलं की संपलं. नंतर आईने त्यांना जेवायलाच बोलावलं. काका तीन पुरणपोळ्या खाऊन आमच्या दिवाणावर दुपारभर घोरत होते. हलत नाही अशा जागी कित्येक दिवसांनी झोपलो, म्हणाले.

माहीम :
निवांत म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. मांडव्याला एक रात्र काढली. बोट डावी-उजवी, मी मध्ये, हातात आल्याचा तुकडा. सकाळी बायको लाँचने घरी गेली. मुक्काम लांबला तो तिच्या माहेरी.

वर्सोवा :
दादर, मामाने सांगितलं म्हणून वाचलात. आमच्याकडे पोरांनाही येतं ते सांगते : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनव-अवसेला बाराच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, सव्वासहा तासांनी ओहोटी. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, तेव्हा नांगराचा दोर आखडता ठेवू नका.

पार्ले :
आमचं अटलांटिकच्या मधोमध, अझोर्समधल्या होर्ता गावात घडलं. मित्राच्या बोटीवर मी आणि बायको खलाशी म्हणून गेलो होतो. त्या बंदराची भिंत जाणाऱ्या-येणाऱ्या बोटींच्या चित्रांनी भरलेली आहे. चित्र न काढता निघालं तर पुढचा प्रवास धड होत नाही, अशी समजूत. आम्हाला निघायची घाई, पण बायको अडून बसली. शेजारच्या बोटीवरच्या आजींनी ब्रश दिला, आजोबांनी पांढरा रंग. जागा शोधण्यातच एक दिवस गेला, कारण दुसऱ्याच्या चित्रावर रंगवायचं नाही. शेवटी दोन फुटी चौकटीत शीड आणि खाली 'श्री'. रंग वाळेपर्यंत १९१८ पासून चालणाऱ्या पीटर कॅफेत बसलो. पूर्वी दर्यावर्दींची टपालं तिथेच सांभाळून ठेवत. आमचं टपाल येणार नव्हतं, तरी बायकोने विचारून घेतलं.

दादर :
वर्सोवा, आज करून पाहिलं. षष्ठी, म्हणजे साडेचार. तक्त्यात चार चाळीस. नवऱ्याला बोलले नाही, त्याचं ॲप अजून उघडतंय.