रास्पबेरी पाय चालेल, पण थेट पॅनलमध्ये नको

पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा कंट्रोलर) महाग पडतो म्हणून कन्व्हेयरला रास्पबेरी पाय, म्हणजे तो छोटा स्वस्त कॉम्प्युटर, लावू का, असं विचारलंय. लावा. फक्त त्याच्या जीपीआयओ पिना (सिग्नल आत-बाहेर करणाऱ्या) ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्टही सोसत नाहीत, आणि पॅनलमधले प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारे) २४ व्होल्टवर. मध्ये ऑप्टोकपलर (दोन्ही बाजू वायरने न जोडता प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) हवाच.

माझा घात मात्र लाइटने केला. लॉग लिहिताना वीज गेली, एसडी कार्डची फाइल सिस्टीम खराब, सकाळच्या पाळीला ऑपरेटर काळ्या स्क्रीनकडे बघत उभा. तेव्हापासून ओव्हरले फाइल सिस्टीम (लिहायचं ते कार्डावर न जाता मेमरीत राहतं) चालू करून कार्ड रीड-ओन्ली ठेवतो, लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर. नवीन घेणार असाल तर ईएमएमसीवालं (एसडी कार्डाऐवजी बोर्डवरच बसवलेली मेमरी) कम्प्यूट मॉड्यूल, म्हणजे पायचाच उपकरणात बसवायचा छोटा बोर्ड, बघा. रेव्होल्यूशन पाय हा कारखान्यासाठीचा पाय त्यावरच बनतो, डिन रेलवर (पॅनलमधली उपकरणं अडकवायची पट्टी) बसतो, २४ व्होल्टवर चालतो. (किंमत बघून कदाचित पीएलसीच स्वस्त वाटेल!)

आणि इमर्जन्सी स्टॉप कृपा करून पायथनमध्ये वाचत बसू नका. तो थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) कॉइलच्या वायरीत, एनसी कॉन्टॅक्टने (एरवी जोडलेला, बटण दाबलं की तुटणारा). प्रोग्राम अडकला तरी मोटर थांबलीच पाहिजे. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला का बघणारा टायमर) जरूर लावा, पण तो फक्त पाय रीबूट करतो. बूट होईपर्यंत रिले (पायच्या सिग्नलवर चालणारे स्विच) कुठल्या स्थितीत राहतात ते आधी टेबलावर, मोटर न जोडता बघून घ्या.