मदत हवी आहे : नैरोबीहून आलेली जुनी पत्रं

राजेहो, थोडी मदत करा. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावच्या घरी माळा झाडताना आबाजींची लोखंडी पेटी सापडली. आत त्यांच्या थोरल्या भावाची चाळीसेक पत्रं. पातळ निळा कागद, तिकिटांवर केनिया-युगांडा-टांगानिका आणि इंग्लंडच्या राजाचं तोंड. मोठे आबा नैरोबीत भारताच्या कमिशनर कचेरीत कारकून होते. कमिशनर म्हणजे औंधचे अप्पासाहेब पंत, १९४८ साली पूर्व आफ्रिकेत गेलेले भारताचे पहिले. एका पत्रात अर्धं पान साहेबांच्या दौऱ्याचं, उरलेलं ज्वारीची भाकर मिळत नाही याचं!

कडा वाळवीनं खाल्ल्या, टाचण्या गंजून कागदाला चिकटल्या. भाचा म्हणतो लॅमिनेशन करू. मी हात लावू दिला नाही, ते मग कधी निघत नाही.

टाचण्या कागद न फाटता कशा काढाव्या? नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात असे घरचे कागद दाखवायला कुणी गेलंय का? पंतांचे कागद दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयात आहेत, तिथं वाचायला बसायचं तर काय काय लागतं? कापूस वेचून झाला की मी निघू शकतो. आणि दोन पत्रं मोडीत आहेत, इथं वाचणारं कुणी उरलं नाही. फोटो पाठवतो.