दिवेलागणीनंतरचं प्राग : तुमचे अनुभव इथे लिहा

प्रागहून आलेला प्रत्येक जण गर्दीबद्दल बोलतो, आणि ते खरंच आहे. आम्ही मे महिन्यात गेलो तेव्हा चार्ल्स पुलावर दुपारी खांद्याला खांदा लागत होता. दोन दिवसांत माझं मन उतरलं. तिसऱ्या रात्री झोप लागेना म्हणून साडेअकराला स्वेटर चढवून एकटीच निघाले. पुलावर आले आणि थबकले, कारण पाण्याचा आवाज येत होता. पुलाच्या जरा वरच्या अंगाला व्लताव्हा नदीवर बुटका बंधारा आहे, त्यावरून पाणी सारखं पडत असतं. तोवर मी तीन वेळा पूल ओलांडला होता आणि तो आवाज एकदाही कानावर आला नव्हता.

सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये पाया घातलेला हा पूल ५१६ मीटर लांब आहे. दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. रात्री त्यांचे चेहरे दिसत नाहीत, आभाळावर काळ्या आकृत्या तेवढ्या उमटतात. त्यातला सगळ्यात जुना नेपोमुकच्या संत जॉनचा, १६८३ चा. या धर्मगुरूला १३९३ मध्ये राजाच्या हुकमावरून नदीत टाकलं होतं. त्याच्या डोक्याभोवती पाच सोनेरी तारे आहेत आणि पायाखालच्या कांस्याच्या पाट्या लोकांच्या हातांनी घासून लख्ख झाल्यात. मी तिथे तळहात ठेवला. धातू गार होता आणि इतका गुळगुळीत, की देवळातल्या पितळी कासवाची पाठ आठवली. दिवसा इथे रांग असते. त्या रात्री मला हवा तितका वेळ हात ठेवता आला.

म्हणून हा धागा. तुम्ही रात्रीचं प्राग कसं पाहिलंत? कुठे बसलात, काय ऐकलंत, मुक्कामी परत कसे आलात? तिकीट काढून पाहिलेलं लिहाच, पण रस्त्यावर फुकट मिळालेलं आधी लिहा.

*

म्लादा बोलेस्लावला राहिलेला एक जण, छत्रपती संभाजीनगर

ताई, माझा अनुभव ट्रामचा आहे. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यातून आमच्यातल्या काही जणांना २०१४ मध्ये म्लादा बोलेस्लावला पाठवलं होतं. स्कोडाचं ते मूळ गाव, प्रागपासून साठेक किलोमीटर. शुक्रवारी सुटी झाली की बसने चेर्नी मोस्तला यायचं, तिथून पिवळ्या मार्गाची मेट्रो पकडायची आणि शहरात उतरायचं. पहिल्याच शुक्रवारी गप्पांच्या नादात शेवटची मेट्रो हुकली. ती मध्यरात्रीनंतर बंद होते, शुक्रवारी-शनिवारी तासभर जास्त चालते एवढंच.

आम्ही धास्तावलो होतो. रस्त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, तर त्यांनी एकच शब्द तीनदा सांगितला, 'लाझार्स्का'. हा मध्यवस्तीतला थांबा. रात्रीच्या सगळ्या ट्राम तिथे एकत्र येतात. तेव्हा त्यांचे क्रमांक ५१ ते ५९ होते, २०१७ पासून ९१ ते ९९ आहेत. आम्ही पोचलो तेव्हा लाल-पिवळसर ट्राम एकामागे एक येऊन उभ्या राहत होत्या आणि माणसं एकीतून उतरून पळत दुसरीत चढत होती. पळत येणारं कुणी दिसलं की चालक दार उघडं ठेवत. मग घंटी वाजली आणि सगळ्या आपापल्या दिशेला पांगल्या. एसटी स्टँडवर मुक्कामाच्या गाड्यांची वेळ झाली की अशीच लगबग असते, फक्त इथे कंडक्टरची हाक नव्हती.

त्यानंतर पाच महिने मी घड्याळ पाहिलं नाही. रात्रीची ट्राम आहे हे ठाऊक असलं की पाय मोकळे होतात. तिकिटावर पहिल्यांदा चढताना यंत्रात शिक्का मारायला मात्र विसरू नका, तपासनीस कधीही येतो.

*

एक आजी, ठाणे

मुलगा जर्मनीत असतो. २०१९ च्या डिसेंबरात त्याने आम्हा दोघांना प्रागला नेलं. थंडी शून्याच्या आसपास, यांचे गुडघे दुखरे आणि चारच्या सुमाराला सूर्य मावळलेला. मला वाटलं, आता हॉटेलातच बसायचं. पण मुलगा म्हणाला, "आई, शाल घे, पुलावर दिवेलागण बघायची आहे." त्याने तोच शब्द वापरला, म्हणून मी उठले.

ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांत चार्ल्स पुलावरचे गॅसचे दिवे रोज संध्याकाळी हाताने लावतात. एरवी ते आपोआप लागतात. दिवे लावणारा माणूस जुन्या पद्धतीचा लांब झगा आणि टोपी घालून आला. हातात उंच काठी. काठीचं टोक दिव्याच्या काचेखाली घालून त्याने काहीतरी ओढलं, आधी बारीक निळं दिसलं, मग जाळी हळूहळू पिवळी होत गेली. आमच्या लहानपणी लग्नात पेट्रोमॅक्स पेटवायचे तेव्हा अगदी असंच, आधी धुसफूस आणि मग एकदम उजेड. त्या जाळीचा रंग मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. विजेच्या दिव्यासारखा तो डोळ्यांत घुसत नाही.

पोरं त्याच्या मागे पळत होती. एका मुलीला त्याने काठी धरू दिली. पुलावर चाळीसहून जास्त दिवे आहेत, सगळे लावायला त्याला तासभर तरी लागला असेल. आम्ही निम्म्यापर्यंतच चाललो, मग हे कठड्याला टेकले. मागे वळून पाहिलं, तर आमच्या मागचा सगळा पूल उजळलेला आणि पुढचा अजून काळोखात. मी मनातल्या मनात शुभंकरोति म्हटलं. यांनी टोपी काढली. त्यांनाही काहीतरी वाटलं असणार, पण ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

मुलाने नंतर सांगितलं की प्रागमध्ये गॅसचे दिवे पहिल्यांदा १८४७ मध्ये लागले, शेवटचे १९८५ मध्ये काढले आणि २००२ पासून जुन्या राजमार्गावर मुद्दाम परत बसवले. काढून टाकलेली गोष्ट चूक झाली म्हणून परत आणणं सोपं नसतं. त्या नगरपालिकेचं मला फार कौतुक वाटलं.

वयस्कर लोकांनी जाड तळव्याचे बूट न्यावेत. रस्त्यांना बारीक चौकोनी दगडांची फरसबंदी आहे, ओली झाली की घसरते.

*

नाटकवेडा, सांगली

नाटकाच्या गावाचा मी, त्यामुळे नॅशनल थिएटरबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. चेक भाषेचं स्वतःचं नाट्यगृह हवं म्हणून लोकांनी वर्गणी काढून ते बांधलं. १८८१ च्या जूनमध्ये उघडलं आणि ऑगस्टमध्ये जळालं. लोकांनी दीड-दोन महिन्यांत पुन्हा पैसे उभे केले आणि १८८३ च्या नोव्हेंबरमध्ये ते परत सुरू झालं. रंगमंचाच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत 'नारोद सोबे' लिहिलंय, म्हणजे राष्ट्राने स्वतःसाठी. मी सगळ्यात वरच्या सज्ज्यातलं स्वस्त तिकीट काढलं होतं. तिथून कलाकारांचे टाळू दिसतात, पण ती अक्षरं अगदी समोर येतात. दिवे मंद होईपर्यंत मी तीच वाचत बसलो होतो.

त्या रात्री चेक संगीतकार द्वोर्झाकचा 'रुसाल्का' हा ऑपेरा होता. त्याचा पहिला प्रयोग याच नाट्यगृहात १९०१ मध्ये झालेला. जलपरीची गोष्ट. एक शब्द कळला नाही, वरच्या फलकावर इंग्रजी येत होतं तेही मी मध्येच सोडलं. चंद्राला उद्देशून ती गाते तेव्हा शेजारच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले, नंतर मीही.

पण मला सांगायचंय ते बाहेरचं. दारातून निघालात की दहा पावलांवर नदी. पलीकडे टेकडीवर किल्ला, त्यात संत व्हिटसच्या कॅथीड्रलचे मनोरे उजळलेले. प्रयोगाहून निघालेले लोक काठाकाठाने चालत होते आणि कुणीही मोठ्याने बोलत नव्हतं. एक बाई ऑपेरातली ओळ गुणगुणत माझ्या पुढे चालली होती. मी पुढच्या पुलापर्यंत तिच्या मागून गेलो. असा प्रयोगानंतरचा प्रयोग मला दुसरीकडे मिळालेला नाही.

मोझार्टने 'डॉन जिओव्हानी' हा ऑपेरा २९ ऑक्टोबर १७८७ रोजी पहिल्यांदा सादर केला ते एस्टेट्स थिएटरही गावात आहे आणि तिथे आजही खेळ होतात. रस्त्यावर विग घालून तिकिटं विकणारे भेटतील. त्यांच्याकडून घेण्याआधी कार्यक्रम कुठे आहे ते नीट वाचा.

*

शाकाहारी, नाशिक

दोनच ओळी. संध्याकाळी साडेसातच्या आत जेवून घ्या, दहाच्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी चूल बंद होते. आपल्याला चालण्यासारखं म्हणजे बटाट्याचा 'ब्राम्बोराक', लसूण आणि मार्जोरम घातलेला, थालीपिठाचा सख्खा भाऊ, आणि तळलेल्या चीजचा 'स्माझेनी सिर'. दोन्हींत अंडं असतं, अंडं न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. हातात धरून खायचा गोड गोल 'त्रदेल्निक' सगळीकडे दिसतो. तो प्रागचा पारंपरिक पदार्थ नाही, पण थंडीत गरम खायला छान लागतो.

*

नऊ वर्षांच्या मुलीची आई, कोल्हापूर

आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो. सहाला अंधार, त्यामुळे लेकीला घेऊनही रात्र पाहता आली. मुलं असतील तर मी म्हणेन, गोष्टी घेऊन चाला.

जुन्या ज्यू वस्तीत मी तिला गोलेमची गोष्ट सांगितली. रब्बी (ज्यू धर्मगुरू) लोव यांनी नदीकाठच्या मातीचा माणूस केला आणि तो वस्तीची राखण करायचा, अशी दंतकथा आहे. तिथलं ओल्ड-न्यू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेराव्या शतकातलं आहे. त्याच्या टोकदार छपराखालच्या माळ्यावर गोलेम अजून आहे असं लोक सांगतात. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड छपरापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिला ते सहज पटलं. "तो आत्ता झोपलाय की जागा आहे?" तिने कुजबुजत विचारलं. शेजारच्या ज्यू टाऊन हॉलवर हिब्रू अक्षरांचं घड्याळ आहे, त्याचे काटे उलटे फिरतात. ते तिनेच शोधलं. पाच मिनिटं मान वर करून उभी होती, काटा खरंच मागे जातोय याची खात्री होईपर्यंत.

मग आठला जुन्या चौकातल्या घड्याळासमोर. १४१० चं हे यंत्र. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित सरकत जातात, बाजूचा सांगाडा घंटा वाजवतो आणि शेवटी कोंबडा आरवतो. कोंबड्याचा आवाज एखाद्या जुन्या भोंग्यासारखा निघतो. लेक अजून घरी तो काढून दाखवते. शक्य असेल त्यांनी अकराचा खेळ पाहावा. आम्ही शेवटच्या रात्री पाहिला, समोर चाळीसेक माणसं होती. याच चौकातल्या जुन्या टाऊन हॉलजवळच्या फरशीत सत्तावीस पांढरे क्रूस आहेत, १६२१ मध्ये इथे फाशी-शिरच्छेद झालेल्या सत्तावीस जणांचे. गर्दीत त्यांच्यावरून पाय पडतात, कळतही नाही. त्या रात्री आम्ही वळसा घालून गेलो.

*

पैसे बदलताना फसलेला, पुणे

रात्री नऊला वेन्सेस्लास चौकाजवळ एका खिडकीवर युरो दिले आणि कोरुना (चेक चलन) मोजले तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा कमी निघाला. बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात होता तो दर वेगळ्याच व्यवहाराचा होता. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, तुम्ही लक्षात ठेवा : २०१९ च्या कायद्याने हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती मात्र जपून ठेवा. सगळ्यात बरं म्हणजे कार्डच वापरा. त्या एका खिडकीपायी माझी पूर्ण संध्याकाळ कडू झाली, याचं आजही वाईट वाटतं.

*

सहा वर्षं प्रागमध्ये राहणारी, विनोह्राडी

हे सगळं वाचून भरून आलं. आजींच्या दिवेलागणीला तर मी दरवर्षी जाते.

इथली म्हणून एक सांगते. रात्री दहा ते सकाळी सहा इथे 'नोच्नी क्लिद', म्हणजे रात्रीची शांतता असते, आणि लोक ती मनापासून पाळतात. जुन्या भागात पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर अजून कुटुंबं राहतात. दारू पीत एका बारमधून दुसऱ्यात हिंडणाऱ्या टोळ्यांचा त्यांना इतका त्रास झाला, की रात्री अशा आयोजित फेऱ्या काढायला शहराने २०२४ मध्ये बंदी घातली. माझी एक मैत्रीण त्या भागात राहते. बंदीनंतरच्या उन्हाळ्यात तिने पहिल्यांदा खिडकी उघडी ठेवून बाळाला झोपवलं. बिअर प्या, जरूर प्या, इथली चांगलीच असते. बाहेर पडलात की आवाज खाली आणा एवढंच मागणं.

आणि नोवी स्व्येतला जा. किल्ल्याच्या मागची ती एक वाकडी गल्ली, बुटकी घरं, गॅसचे दिवे आणि दुकानांची गजबज नाही. किल्ल्याचं आवार रात्री दहापर्यंत उघडं असतं. ते ओलांडून ह्राडचानी चौकात या. तिथे मधोमध आठ दिव्यांचा जुना समईसारखा खांब आहे, त्याच्याखाली जरा थांबा, मग गल्लीकडे वळा. पावसानंतर गेलात तर फार चांगलं. दगड ओले असले की प्रत्येक दिवा दोनदा दिसतो.

*

एकटी गेलेली, रत्नागिरी

मी रात्रीचं शेवटचं टोक पाहिलं. जून महिना, विमान सकाळी होतं, झोपून काय करायचं म्हणून साडेतीनला पुलावर गेले. भीती वाटली नाही. एक फोटो काढणारा होता, एक नवरी-नवरा होते, तिचा पांढरा पदर धुळीला लागू नये म्हणून मैत्रिणीने हातात धरला होता. आपल्याकडे काकड्याला उठून देवळात गेल्यावर जशी माणसं एकमेकांकडे नुसतं बघून मान हलवतात, तशी आम्ही मान हलवली.

चारच्या पुढे आभाळ पुलाच्या टोकावरच्या टॉवरच्या मागून राखाडी व्हायला लागलं. ताईंनी लिहिलेला बंधाऱ्याचा आवाज मलाही आला. पुलालगतच्या कांपा बेटाच्या बाजूला पाण्यावर हंस होते, मान पंखात घालून झोपलेले, प्रवाहाबरोबर हळूच सरकत आणि मग झोपेतच परत जागेवर येत. मी ते मोजत होते. सोळापर्यंत आले आणि वरचे दिवे विझले. मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.