बाटल्यांच्या झाकणांचं भिंतीचित्र: ४२ मुलं, ८ बाय ४ फूट, चिकटवायचं कशानं?

खडूफळा

तिसरी-चौथीची मिळून ४२ मुलं. शाळेच्या व्हरांड्यात ८ बाय ४ फुटांची मोकळी भिंत आहे, तोंड पश्चिमेला, दुपारी तीननंतर ऊन येतं. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं जमवून सगळ्यांनी मिळून एकच चित्र करायचं ठरतंय. विषय आपलं, म्हणजे महाराष्ट्राचं, राज्य फुलपाखरू नीलवंत (ब्लू मॉर्मन).

झाकणं साधारण किती लागतील? फेविकॉलने नमुन्याला चार चिकटवली होती, वाळल्यावर नखाने निघाली. ग्लू गन चालेल का? खाली थर्मोकोल घेतलं तर हलकं पडेल, ते टिकेल का? आणि मुख्य म्हणजे ४२ जणांना एका चित्रावर बसवायचं कसं? नाहीतर चार चित्रकार चित्र करणार आणि बाकीचे झाकणं धुणार.

सुतारपक्षी

आधी थर्मोकोल बाद करा. राज्यात मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर. मखराला चालत नाही ते शाळेलाही चालत नाही.

चिकटवण्याचं म्हणाल तर दोष डिंकाचा नाही. फेविकॉल लाकडात, कागदात मुरतो आणि पाणी उडून गेल्यावर धरतो. झाकण बहुधा एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचं असतं. त्यात काही मुरत नाही, आणि त्याचा पृष्ठभाग मेणासारखा असल्यामुळे वरही काही धरत नाही. तैलरंगाचंही तेच, त्यामुळे झाकणं रंगवायचा बेत असेल तर सोडा, पापुद्रे निघतात. ग्लू गनने चिकटवलेलं पहिले दोन महिने छान दिसतं. मग पश्चिमेच्या उन्हात डिंक मऊ पडतो, झाकण खाली आणि डिंकाची गोल रिंग फळीवर तशीच. शिवाय तिसरीच्या मुलांच्या हातात ते तापलेलं टोक नको. दुकानदार सोल्यूशन, म्हणजे चपलांचा वासवाला डिंक सुचवेल. तो वर्गात उघडूच नका.

झाकणाला स्क्रूच हवा. अर्धा इंची, चपट्या तळाचा, गोल डोक्याचा, ज्याला दुकानात ‘पॅन हेड’ म्हणतात. निमुळत्या डोक्याचा (सीएसके) घेतलात तर तो पाचरीसारखा आत शिरतो आणि झाकण चांदणीसारखं तडकतं. झाकणाची पोकळ बाजू आपल्याकडे, सपाट बाजू फळीला. असं केलं की स्क्रू वाटीच्या तळाशी लपतो आणि झाकण फळीवर चपखल बसतं. उलटं लावलंत, म्हणजे सपाट बाजू बाहेर, तर स्क्रू आवळताना मधोमध खड्डा पडतो आणि डोकं चमकत राहतं.

प्लायवुड १२ मिमीचं. इथे बचत करू नका. स्क्रू साधारण १३ मिमी, त्यातला दीडेक मिमी झाकणात जातो, उरलेला १२ मध्ये मावतो. ६ मिमीच्या प्लायमधून टोकं मागे बाहेर येतील आणि फळी उचलणाऱ्याचे हात सोलतील. पावसाचे शिंतोडे येत असतील तर आयएस ७१० (मरीन) घ्या. आयएस ३०३ चा साधा ‘एमआर’ दर्जा कोरड्या जागेसाठी आहे. काहीही घेतलंत तरी कापलेल्या कडांना प्रायमर आणि रंग आधी, कारण प्लाय पाणी पितं ते कडेतून.

ठिपके_रांगोळी

आकडा सांगते. झाकणाचा व्यास ३० मिमीच्या आसपास. एका फुटात कागदावर दहा बसतात, मुलांच्या हातून नऊच बसतात, कारण कंपनीगणिक एखाद-दोन मिमीचा फरक असतो आणि फटही सुटते. नऊच धरा. म्हणजे तुमचं चित्र ७२ बाय ३६ ठिपक्यांचं, एकूण २,५९२ झाकणं. फुटकी, तडकलेली, चुकीच्या रंगाची धरून २,८५० जमवा.

याच्याकडे रांगोळी म्हणूनच बघा. ७२ बाय ३६ ठिपक्यांत जे मावतं तेच चित्र. नीलवंताची निवड चांगली आहे, मोठे सपाट रंग आहेत. फक्त मिश्या एका झाकणाच्या तिरक्या ओळीने करू नका. चौकोनी मांडणीत तिरकी रेघ म्हणजे सांडलेले चिंचोके दिसतात. मिश्यांना जुन्या वायरचा तुकडा लावा. (मधल्या ठिपक्यांची मांडणी केली, म्हणजे १५ ते ८ च्या रांगोळीसारखी खालची ओळ वरच्याच्या फटीत बसवली, तर तिरप्या रेघा सुंदर येतात आणि जागेत झाकणंही जास्त मावतात. पण मग चौकटीची वही वापरता येत नाही आणि मोजणीत मुलं हरवतात. पहिल्याच वेळी नको.)

दुसरं, काळी झाकणं फारशी मिळत नाहीत आणि नीलवंताचे पुढचे पंख जवळजवळ काळेच. त्यासाठी फळीलाच फळ्याचा काळा रंग द्या आणि पंखांचा काळा भाग रिकामा सोडा, तेवढी झाकणं वाचली. मागच्या पंखांवर निळी, ती रग्गड मिळतात. पार्श्वभूमी पांढरी, तीही मिळते.

आता ४२ जण. ८ बाय ४ ची अख्खी फळी ठेवलीत तर तिच्याभोवती एका वेळी आठ मुलं मावतात, बाकीची मागून ढकलतात. सुताराकडून २ फूट बाय १ फुटाचे १६ तुकडे करून आणा. ४ आडव्या ओळी, ४ उभ्या रांगा. गट १६: दहा गट तिघांचे, सहा गट दोघांचे, झाले ४२. प्रत्येक तुकड्यावर १८ बाय ९, म्हणजे जास्तीत जास्त १६२ झाकणं. हे गणिताच्या चौकटीच्या वहीच्या आडव्या पानावर बरोबर मावतं. एक चौकट एक झाकण. सोळा पानं जमिनीवर जुळवून सगळ्या वर्गाने आधी चित्र तिथे रंगवायचं, मग प्रत्येक गट आपलं पान घेऊन आपल्या फळीकडे.

यात दोन ठिकाणी हमखास फसतं. पहिलं, कोपऱ्यातल्या गटाच्या वाट्याला नुसती पांढरी १६२ येतात आणि दुसऱ्या दिवशी तो गट खिडकीतून बाहेर बघत बसतो. नीलवंताच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांची पानं खातात, म्हणून कोपऱ्यांत हिरवी पानं आणि पिवळी लिंबं येऊ द्या. कुठे आणि किती, ते त्या गटाने ठरवावं. एकाही तुकड्यावर तीनपेक्षा कमी रंग नकोत.

दुसरं, शिवेवर रेघ जुळत नाही. प्रत्येक गट आपल्या डाव्या कडेपासून मोजतो, कुणी एक चौकट चुकलं की पंख तिथे पायरी घेतो. इलाज शेजारधर्माचा. प्रत्येक तुकड्याची बाहेरची एक ओळ शेवटपर्यंत मोकळी ठेवायची. आतलं झालं की शेजारचे दोन तुकडे जमिनीवर टेकवायचे आणि दोन्ही गटांनी मिळून शिवेच्या दोन ओळी लावायच्या. भांडणं इथेच होतात, आणि खरं एकत्र कामही इथेच होतं. त्याला एक पूर्ण तासिका द्या.

फळ्यांच्या मागे नुसते आकडे टाकू नका. ओळींना क, ख, ग, घ आणि रांगांना १ ते ४, म्हणजे ‘ग ३’. शेजारी वरच्या दिशेचा बाण. बाण राहिला की एक तरी तुकडा उलटा लागतो, आणि ते भिंतीवर चढल्यावरच कळतं.

खडूफळा

धन्यवाद, १६ तुकड्यांचं गणित पटलं. पण २,५९२ स्क्रू मुलं पिळणार का? आणि गोळा करायला सांगितलं की घरोघरी नव्या बाटल्या विकत आणल्या जातील अशी धास्ती आहे.

सुतारपक्षी

काळे पंख रिकामे गेले की स्क्रू कमी होतीलच, पण पूर्ण आकडा धरून सांगतो.

झाकणाला भोक मोठ्यांनीच पाडायचं, ३ मिमीच्या बिटने. ड्रिल लावलं की झाकण बिटाबरोबर गरगर फिरतं आणि बोटं कापतं, म्हणून हातात धरायचं नाही. १२ मिमी प्लायच्या तुकड्याला झाकण घट्ट बसेल एवढं भोक करून तो दुसऱ्या लाकडावर ठोका. ही झाली बैठक. झाकण त्यात दाबायचं, भोक, पुढचं. मिनिटाला आठ-दहा होतात, म्हणजे सगळ्यांचे पाच तास. दोन पालक एका शनिवारी उरकतात. तापवलेल्या दाभणानेही भोक पडतं, पण धूर होतो आणि कडेला प्लास्टिकची गुठळी राहते, मग झाकण सपाट बसत नाही.

फळीवर मात्र मुलांना पिळू द्या. खिळ्याने किंवा टोच्याने आधी २-३ मिमी खोल खूण करून दिली तर नऊ वर्षांच्या मुलाला जमतं. एकाने झाकण धरायचं, दुसऱ्याने पिळायचं, दहा झाले की अदलाबदल. त्यापुढे तळव्याला फोड येतात. स्क्रू बसला की थांबायचं, ‘अजून थोडं’ पिळलं की प्लायमधला आटा जातो आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. तसं झालंच तर भोकात काडेपेटीची काडी मोडून घाला आणि परत पिळा.

भंगारसोनं

झाकणं मुलांच्या घरून मागू नका, किंवा मागितलीत तर ‘कोण जास्त आणतो’ ही स्पर्धा लावू नका. लग्नसराईत एका मंगल कार्यालयातून दोन दिवसांत पोतंभर निघतात. एसटी स्टँडवरचं कँटीन, रसवंती, भंगारवाला हेही आहेत. झाकण खरं तर टाकाऊ नाहीच, भंगारवाला ते किलोवर घेतो. स्क्रूने लावलेलं चित्र पाच वर्षांनी उतरवलं तर झाकणं परत त्याच्याकडे जाऊ शकतात, डिंकाने माखलेली जात नाहीत.

गावाकडची शाळा असेल तर एक सूचना पालकांना लेखी द्या: कीटकनाशक, तणनाशक, फिनाइल आणि औषधांच्या बाटल्यांची झाकणं आणायची नाहीत. ती धुऊनही वापरायची नाहीत. पोतं आलं की मुलांच्या हाती देण्याआधी एकदा मोठ्यांनी चाळून घ्या. सोड्याच्या काचेच्या बाटल्यांची पत्र्याची बुचंही बाजूला काढा, कडा कापतात.

धुण्यासाठी कांद्याची जाळीदार गोणी अर्धी भरा, तोंड बांधा, धुण्याच्या पावडरच्या पाण्यात रात्रभर बुडवा, सकाळी गोणी तशीच आपटून खळखळून काढा. पूर्ण भरलीत तर मधली कोरडी राहतात. मग दोन दिवस सावलीत पसरा. शीतपेयांच्या काही झाकणांत आत मऊ चकती असते. तिच्याखाली साखरपाणी अडकतं आणि आठवड्याने भिंतीवर मुंग्यांची रांग लागते. ती चकती नखाने काढून टाका.

आणि चित्र ठरवण्याआधी रंग मोजा. दहा-दहाचे ढीग करून वर्गानेच चित्रालेख काढला की गणिताचा पाठही होतो. पिवळी ४० निघाली तर लिंबं चाळीस झाकणांपुरतीच.

कागदी_होडी

थोडा वेगळा सूर. भोकं पालक पाडणार, फळ्या सुतार कापणार, भिंतीवर माणूस चढवणार. मुलांचं त्यात किती? त्याच १६ तुकड्यांना खोक्याचा पुठ्ठा आणि रद्दी घ्या, सगळं मुलंच करतील. मैद्याची खळ: १ वाटी मैदा १ वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, ५ वाट्या उकळत्या पाण्यात ओता, चार-पाच मिनिटं ढवळा, चकाकी आली की उतरवा. दुसऱ्या दिवशी आंबते, रोजची रोज करा. बाइंडिंगवाले टिकायला मोरचूद घालतात, तो विषारी आहे, मुलांच्या खळीत नको. एका वेळी रद्दीचे तीनच थर, वाळल्यावर पुढचे, नाहीतर आतून बुरशी. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवा. एकाच बाजूला लावला तर वाळताना पुठ्ठा पापडासारखा वळतो.

सुतारपक्षी

मुद्दा रास्त आहे. वर्गाच्या आत पुठ्ठाच बरा. पण पश्चिमेच्या व्हरांड्यात एका पावसाळ्यात त्याचा लगदा होईल.

झाकणांनाही ऊन लागतंच. लाल-गुलाबी आधी विटतात, मग प्लास्टिक ठिसूळ होतं. उत्तरेची भिंत मिळाली तर तीच घ्या, नाहीतर वर दीड-दोन फुटांची झड, म्हणजे पुढे आलेलं छोटं छप्पर, लावून घ्या.

भिंतीवर आधी आडव्या लाकडी पट्ट्या, १ इंच जाडीच्या, प्रत्येक फळीला वर एक आणि खाली एक, म्हणजे मागून हवा खेळते आणि ओल धरत नाही. फळी पट्टीवर बसवायचे स्क्रू कोपऱ्यांतल्या झाकणांखाली येऊ द्या, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या चार कोपऱ्यांची झाकणं तेवढी सगळ्यात शेवटी लावायची. खालची कड जमिनीपासून ३ फुटांवर. त्याखाली लावलंत तर पहिलीतली मुलं जाता-येता स्क्रू फिरवून बघतात.