‘मी देह या’ म्हणजे बरं चाललंय

पॅटवाला, म्हणजे जमैकातल्या लोकांच्या बोलीला, कुणी कुणी ‘मोडकंतोडकं इंग्रजी’ म्हणतात, ते काही पटत नाही. जमैकात ‘वा ग्वान?’ (काय चाललंय?) विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘मी देह या’. शब्दशः ‘मी इथं आहे’, भाव मात्र आपल्या ‘चाललंय आपलं’ सारखा. यातला ‘देह’ फक्त कुठे आहे, कसं आहे हे सांगायला. ‘मी शिक्षक आहे’ म्हणायचं तर तिथे ‘देह’ चालत नाही, ‘मी अ टीचा’ म्हणावं लागतं. एवढा काटेकोर नियम मोडक्या भाषेत कुठला असायला! (हा ‘मी’ इंग्रजी ‘मी’च बरं का, मराठीशी नातं जोडू नका.)

समोर एकापेक्षा जास्त माणसं असली की त्यांना ‘उनू’ म्हणायचं, म्हणजे ‘तुम्ही’. इंग्रजीच्या एकाच ‘यू’वर त्यांचं भागलं नाही. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतून आला असं मानतात. आपल्या आदरार्थी ‘तुम्ही’सारखा मात्र तो एकट्या माणसाला वापरत नाहीत.

निरोप घेताना ‘लिकल मोर’, म्हणजे भेटू थोड्या वेळाने. आपणही ‘जातो’ न म्हणता ‘येतो’च म्हणतो ना! लांब निघालेल्याला ‘वाक गुड’, नीट जा.

आणि अंधार पडल्यावर कुणी दारात येऊन ‘गुड नाइट’ म्हणालं तर दार लावून घेऊ नका. तिथे रात्री भेटल्यावरचा नमस्कारही तोच असतो.