नामिबियात गाडी आपण चालवायची, मुक्काम तंबूत : मार्ग आणि गाडीबद्दल सल्ला हवा

गुळपोळी
मंडळी, कॉलेजचे आम्ही पाच जण (सगळे चाळिशीपार, दोघांची पाठ धरते) ऑगस्टमध्ये १२ दिवस नामिबियाला जायचं म्हणतोय. राजधानी विंडहुकला छपरावर तंबू असलेली गाडी भाड्याने घ्यायची आणि सुटायचं. यादीत सोससव्ले (वाळूच्या टेकड्या), किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड, एटोशा अभयारण्य, फिश रिव्हर कॅन्यन आहे, जमलं तर व्हिक्टोरिया धबधबाही. नकाशावर सगळं हाताशीच दिसतंय. फोर बाय फोर लागतेच का? एका गाडीत भागेल? आणि एक मैत्रीण अंडंही खात नाही, तिचं काय करायचं?

काळा_कातळ
जोहान्सबर्गला राहतो, तीनदा जाऊन आलोय. आधी यादीवर कात्री चालवा. हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि वस्ती जेमतेम ३० लाख. व्हिक्टोरिया धबधबा विंडहुकपासून जवळपास १४०० किमी ईशान्येला, फिश रिव्हर साडेसहाशेहून जास्त दक्षिणेला. दोन्ही घेतलेत तर १२ दिवस फक्त काचेतून बाहेर बघाल.

विंडहुक, सेसरिम (सोससव्लेला जायचं फाटक इथेच), स्वाकोपमुंड, श्पिट्झकोपे, ट्वायफेलफोंटेन, एटोशा आणि परत विंडहुक. एवढंच करा. सेसरिम आणि एटोशाला किमान दोन-दोन रात्री. तिथले सरकारी तळ ऑगस्टमध्ये भरलेले असतात, त्यामुळे विमानाच्या तिकिटाआधी तंबूच्या जागा बघा.

गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. गोची आहे ती खडीच्या रस्त्यांची. वरच्या बारीक दगडांवर गाडी तरंगल्यासारखी चालते. वळणावर मागचं चाक सरकलं की आपण घाबरून स्टिअरिंग फिरवतो, ब्रेक करकचून दाबतो आणि गाडी उलटते. समोरून कुणी आलेलंही नसतं! ८० च्या वर जाऊ नका. खडीवर टायरमधली हवा थोडी कमी करायची, वाळूत आणखी कमी, डांबरावर आलं की पुन्हा भरायची. हवा भरायचा छोटा पंप गाडीसोबत मागून घ्या.

आळशी_मुंगी
वरच्या प्रतिसादाला +१. विमा नीट वाचा. टायर, काच आणि गाडीचं पोट साध्या विम्यात बहुधा नसतं. आमचा टायर सोलिटेअर गावाच्या अलीकडे बाजूने फाटला. जॅक लावला तर तोच जमिनीत रुतायला लागला, शेवटी भाजी चिरायची लाकडी फळी त्याच्याखाली घातली. दीड तासात एकच गाडी आली, पण ती थांबली आणि काम होईस्तोवर माणूस हलला नाही. भाड्याच्या कंपनीने मात्र टायरचे पूर्ण पैसे कापले. दोन स्टेपन्या घ्या आणि विमानतळावरच त्या कुठे आहेत ते बघा. आमची एक गाडीच्या पोटाखाली होती, ती काढायची कशी हे रस्त्यावर आडवं पडून शिकलो.

पाच जणांना दोन गाड्या. एका गाडीवर दोन तंबू, म्हणजे चौघांची सोय. पाचवा मित्र जमिनीवर झोपायला तयार असेलही, पण सामान कुठे ठेवणार? आणि ज्यांची पाठ धरते त्यांना रात्री शिडी उतरावी लागेल, तेव्हा त्यांच्यासाठी जमिनीवरचा तंबूच बरा.

दुसरं म्हणजे छपरावरचा तंबू दुमडल्याशिवाय गाडी हलत नाही. सोससव्लेजवळच्या डेडव्लेचा सूर्योदय गाठायचा तर सेसरिमच्या आतल्या तळावर राहावं लागतं, कारण आतलं फाटक उजाडण्याआधी उघडतं आणि बाहेरचं सूर्य उगवल्यावर. पुढे ६० किमी डांबर, मग शेवटचे पाचेक किमी भुसभुशीत वाळू. तिथेच फोर बाय फोर लागते. वाळूत गती मोडायची नाही, रुतलात तर चाकं गरगरवायची नाहीत. हिंमत नसेल तर गाडी डांबर संपतं तिथे लावून तिथल्या वाहनाने जा, त्यात कमीपणा काही नाही. पण हे सगळं पहाटेच्या अंधारात, बोटं गारठलेली असताना तंबूच्या झिपा ओढून झाल्यावर. आमच्यातलं पहिलं भांडण तिथेच झालं.

डेडव्लेतली झाडं आपल्या बाभळीच्याच गोतातली. मरून सहा-सातशे वर्षं झाली, पण हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत. पांढऱ्या चिखलाच्या पापुद्र्यावर काळी उभी आहेत.

काळा_कातळ
थंडीचं राहिलं. ऑगस्टमध्ये रात्री कडाक्याच्या असतात, दुपारी बाही वर करावी लागते. स्वाकोपमुंडला समुद्राचा प्रवाह थंड असल्यामुळे धुकं असतं, वाळवंटातून तिथे उतरलं की एकदम स्वेटर.

सूर्यास्तानंतर गाडी चालवू नका. कुडू (हरणासारखा प्राणी) अचानक रस्त्यात येतो आणि तो चांगला घोड्याएवढा असतो. पंप दिसला की टाकी भरा, अर्धी असली तरी. पाणी माणशी रोज पाच लिटर धरा.

एटोशात मात्र ओकाउकुएयोच्या तळावर रात्री काहीही ठरवू नका. पाणवठ्यावर दिवे लावलेले असतात, बुटक्या दगडी भिंतीशी बसायचं. आम्ही आठला बसलो. तासभर काहीच नाही, फक्त टिटवीसारखं काहीतरी ओरडत होतं. मग अंधारातून काळा गेंडा आला, पिल्लासह. पाण्यात तोच उलटा दिसत होता. पन्नासेक माणसं असतील, खुर्चीसुद्धा कुणी सरकवली नाही. पुढे हत्ती आले तसा गेंडा बाजूला झाला, त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबला. साडेबाराला बायकोने ओढून नेलं.

हिंगजिरं
शाकाहारी मैत्रिणीची काळजी नको. विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या मोठ्या दुकानांत डाळी, तांदूळ, भाज्या मिळतात. गॅसची शेगडी गाडीसोबत येते. तिथले लोक संध्याकाळी लाकूड पेटवून मांस भाजतात, त्याला ब्राय म्हणतात. त्याच निखाऱ्यात वांगं पुरा, घरच्या गॅसवर तसं भरीत होत नाही. उरलेलं काही बाहेर ठेवू नका. कोल्हे चपलासुद्धा नेतात आणि एटोशातल्या हलालीच्या तळावर चांदी अस्वलाचा आफ्रिकन भाऊबंद (हनी बॅजर) कचऱ्याच्या डब्यात शिरतो.

गुळपोळी
वाखुसा (वाचनखूण साठवली)! धबधबा आणि कॅन्यन रद्द, गाड्या दोन. चालवणार तिघंच आहेत, आरटीओकडून तिघांचेही आंतरराष्ट्रीय परवाने काढतो. बायको म्हणते तीन लिटरचा कुकर न्यायचा. तळावर शिट्टी झाली तर शेजारचे वैतागतील का?

हिंगजिरं
आमच्या शिट्टीला शेजारचं जर्मन जोडपं टॉर्च घेऊन आलं, कुठला प्राणी म्हणून. नंतर ताटल्या घेऊन आलं. खिचडी चार वाट्यांची लावा.